घराण्यातला कर्करोग ओळखण्यासाठी ओवी, रांगोळी आणि भारूड

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की उपचार, खर्च आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांच्या जोडीने एक प्रश्न हमखास उभा राहतो, आणि तो डॉक्टरांना न विचारता नातेवाइकांमध्येच दबक्या आवाजात विचारला जातो : हे आता लेकरांनाही होणार का? दर ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी गुलाबी फलक लागतात, वर्तमानपत्रांत जनुकीय चाचण्यांच्या बातम्या येतात, प्रयोगशाळांच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. तरीही मराठवाड्यातील एखाद्या गावात हा प्रश्न घेऊन बसलेल्या माणसापर्यंत त्याचे सरळ उत्तर क्वचितच पोहोचते.

उत्तर समजायला फारसे कठीण नाही. कठीण आहे ती त्याआधीची पायरी. आनुवंशिक कर्करोग वेळेत ओळखायचा तर घरातल्या तीन पिढ्यांमध्ये कोणाला, कोणत्या वयात, कोणता आजार झाला हे माहीत असावे लागते. ही माहिती बहुतेक घरांत कोणत्याही कागदावर नसते. ती घरातल्या बायकांच्या आठवणीत असते आणि लाजेपोटी, भीतीपोटी किंवा कोणी कधी विचारलेच नाही म्हणून तिथेच राहते. छापील पत्रक वाचून ती कोणी सांगत नाही. ओवी, रांगोळी आणि भारूड या आपल्या ओळखीच्या कलांना मात्र ती बोलती करता येईल असे मला मनापासून वाटते. ते का, हे सांगण्यासाठी आधी जनुकांचे थोडे समजून घेऊ.

प्रत्येक कर्करोग वंशातून येतो का?

नाही. शंभर कर्करुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांचा आजार जन्मतः मिळालेल्या जनुकीय बदलाशी जोडलेला असतो. बाकीच्यांच्या पेशींमध्ये बिघाड होतो तो आयुष्यभरात, वय वाढताना, तंबाखूमुळे, विषाणूंमुळे आणि इतर अनेक कारणांनी.

मराठवाड्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज आहे. तोंडाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुडी मिळायची थांबलेली नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ सर्वस्वी एचपीव्ही या विषाणूच्या बराच काळ टिकून राहिलेल्या संसर्गामुळे होतो, आणि त्यावर लस उपलब्ध आहे. एकाच घरातल्या दोन भावांना तोंडाचा कर्करोग झाला, तर रक्ताचा दोष शोधण्याआधी दोघांच्या खिशात काय होते ते पाहावे. जनुकांची चर्चा वाढली म्हणून तंबाखूची चर्चा मागे पडली, तर नुकसान आपलेच होईल.

मग उरलेल्या थोड्या घरांसाठी एवढा खटाटोप कशासाठी? कारण या घरांमध्ये एकाचा आजार हा बाकीच्या अनेकांसाठी आगाऊ सूचना असतो, आणि सूचना वेळेत वाचली गेली तर पुढचे मृत्यू टाळता येतात. असे सांगता येण्यासारखे आजार फार थोडे असतात.

जनुक बिघडते म्हणजे नेमके काय होते?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा अतिशय लांब रेणू असतो. त्यात सुमारे ३ अब्ज रासायनिक अक्षरांची ओळ असते. या ओळीतला जो तुकडा शरीराला एखादे विशिष्ट काम कसे करायचे ते सांगतो, त्याला जनुक म्हणतात. माणसात अशी साधारण २० हजार जनुके आहेत, आणि बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात : एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

पेशींची वाढ होताना ही ओळ सतत नव्याने लिहिली जाते आणि त्यात चुका होतात. त्या दुरुस्त करण्याचे काम काही जनुकांकडे असते. मराठवाड्याला पैठणी आणि हिमरूची परंपरा आहे, म्हणून भरजरी वस्त्राचेच उदाहरण घेऊ. उंची वस्त्राचा धागा तुटला की रफूगार तो असा जोडतो की तुटलेली जागा दिसतही नाही. समजा, प्रत्येक घरात असे दोन रफूगार आहेत, एक आजोळहून आलेला आणि एक वडिलांच्या घरचा. एकाने काम सोडले तरी दुसरा निभावून नेतो. ज्या घरात जन्मापासूनच एक रफूगार कामाचा नाही, तिथेही वस्त्र लगेच फाटत नाही. पण उरलेला एकटा ज्या दिवशी थकतो, त्या दिवसापासून तुटलेला प्रत्येक धागा तसाच राहतो आणि भोक वाढत जाते. आनुवंशिक कर्करोगात बहुतेक वेळा हेच घडते. अल्फ्रेड नडसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाचा अभ्यास करून ही दोन आघातांची कल्पना मांडली. ज्यांना एक आघात जन्मतःच झालेला असतो त्यांना आजार लहान वयात का होतो, आणि काही वेळा दोन्ही बाजूंना का होतो, याचा उलगडा त्यातून झाला.

या दुरुस्ती करणाऱ्या जनुकांपैकी सर्वांत अधिक चर्चा झाली ती बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोघांची. त्यांच्यातील बिघाडाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दुसरा महत्त्वाचा गट लिंच सिंड्रोम या नावाने ओळखला जातो. त्यात मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वारशाने कर्करोग येत नाही, कर्करोगाचा वाढलेला धोका येतो. सुमारे १० हजार स्त्रियांवरील एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्क्यांना, तर बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता आढळली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी हेच आकडे ४४ आणि १७ टक्के होते. धोका मोठा आहे यात शंका नाही, पण बिघाड असूनही आयुष्यभर आजार न झालेल्या स्त्रियाही याच आकड्यांमध्ये आहेत.

वडिलांच्या बाजूची आत्या कोण मोजते?

बिघडलेली प्रत आई किंवा वडील यांच्यापैकी कोणाकडूनही येऊ शकते, आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, पहिले मूल असो की शेवटचे, प्रत्येक वेळी हिशोब नव्याने मांडला जातो. त्यामुळे चार भावंडांत चौघांनाही ती मिळू शकते किंवा एकालाही मिळत नाही.

स्तनाचा कर्करोग हा बायकांचा आजार आहे, तेव्हा तो आईकडूनच येणार, ही समजूत फार खोल रुजलेली आहे आणि ती घातक आहे. वडिलांकडे बिघडलेली प्रत असली तरी त्यांना स्वतःला बहुतेक वेळा काहीच होत नाही. काही पुरुषांना, विशेषतः बीआरसीए-२ चा बिघाड असेल तर, प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा किंवा क्वचित स्तनाचाही कर्करोग होतो. पण अनेकदा वडिलांच्या पिढीत आजार दिसतच नाही आणि तो थेट नातीत प्रकट होतो. अशा घरात खूण असते ती आत्याकडे किंवा वडिलांच्या आईकडे.

आपली वंशावळीची पद्धत इथे अपुरी पडते. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांमध्ये, भाटांच्या मुखी आणि घरोघरी जपलेल्या कुळाच्या कागदांत मुख्यतः पुरुषांची ओळ सापडते. पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा अशी ती उतरत जाते. आत्या लग्न होऊन गेली की तिचे नाव त्या ओळीतून निघते आणि तिचे दुखणे दुसऱ्या घरच्या हिशोबात जाते. सासरी आलेल्या सुनेच्या माहेरी कोण कशाने गेले, हेही कोणी विचारत नाही. जनुके मात्र मुलगा आणि मुलगी, माहेर आणि सासर असा भेद करत नाहीत. जी वंशावळ वैद्यकीयदृष्ट्या उपयोगाची, तिच्यात स्त्रियांची ओळ पुरुषांच्या ओळीइतकीच भरलेली असावी लागते.

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, म्हणून हा प्रश्नही ओघाने येतो. नात्यातल्या लग्नाने असा कर्करोग निर्माण होत नाही. इथे धोका वाढायला वारशाने आलेली एकच बिघडलेली प्रत पुरेशी असल्याने नात्याबाहेर लग्न केले तरी ती पुढे जाऊ शकते. मात्र एखाद्या कुळात बीआरसीए-२ चा बिघाड असेल आणि नवरा-बायको दोघेही त्याच कुळातले असतील, तर बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता निर्माण होते आणि त्यातून फॅन्कोनी ॲनिमिया नावाचा गंभीर बालरोग होऊ शकतो. म्हणून नात्यातल्या लग्नाआधी आजारांचा इतिहास विचारणे अधिकच गरजेचे ठरते.

हा इतिहास सापडतो कुठे?

मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये बीआरसीए-१ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. ते यंत्रांच्या जोरावर जितके साधले, तितकेच ज्या २३ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या स्तनाचा कर्करोग होत होता त्यांच्या वंशावळी नीट भरल्या गेल्यामुळे साधले. त्या कुटुंबांतल्या कोणीतरी आजीचे, मावशीचे, आत्याचे वय आणि आजार सांगितला होता.

आपल्याकडे तो सांगितला जातो वेगळ्या भाषेत. ‘छातीत गाठ झाली होती, चिघळली’, ‘पोटात पाणी झालं आणि महिन्यात गेली’, ‘बाळंतपणानंतर अंग धरलंच नाही’, ‘तिची पिशवी काढली होती’. पोटात पाणी होण्यामागे अंडाशयाचा कर्करोग असू शकतो, यकृताचा आजार असू शकतो किंवा क्षयही असू शकतो. म्हणून प्रत्येक आठवणीपुढे आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात : तेव्हा तिचे वय काय होते, आणि कोणत्या दवाखान्यात दाखवले होते? पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, अंडाशयाचा कर्करोग कोणत्याही वयात, दोन्ही स्तनांत झालेला कर्करोग, पुरुषाच्या छातीतली गाठ, पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना असे आजार, या खुणा आढळल्या तर पुढे चौकशी करावी.

स्त्रियांच्या मनातल्या गोष्टी बाहेर येण्याची एक वाट आपल्याकडे शतकानुशतके होती, ती म्हणजे जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आई, भाऊ, लेक, माहेर, सासुरवास, दुखणे आणि मरण हे विषय त्यात पुन्हा पुन्हा येतात. माजलगावसारख्या मराठवाड्यातील गावांतल्या स्त्रियांनीही त्यात मोलाची भर घातली आहे. पुरुषांच्या वंशावळीत नसलेली नाती या ओव्यांत असतात. समोरासमोर विचारले असता जी बाई ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणेल, तीच चार जणींच्या सुरात सूर मिसळून आईचे दुखणे गाऊ शकते, कारण गाण्यात ते एकटीचे राहत नाही.

जाती आता घरोघरी फिरत नाहीत, पण बचत गटाच्या बैठकीत, हळदी-कुंकवाला, भुलाबाईच्या किंवा भजनाच्या निमित्ताने बायका आजही गातात. अशा ठिकाणी म्हणता येईल अशी ओवी नमुन्यादाखल देतो :

पहिली माझी ओवी गं, आजीच्या अंगणाला,
कोण कशानं गेलं, सांग माझ्या लेकराला.
दुसरी माझी ओवी गं, बापाच्या बहिणीला,
आत्याचं दुखणं ते, लपवू नको कुणाला.
तिसरी माझी ओवी गं, मावशीच्या वयाला,
चाळिशीची गाठ तिची, दाखवू दवाखान्याला.

ओवी रचणाऱ्या बायका यापेक्षा कितीतरी सरस रचतील. तिच्यात वय, नाते आणि आजार या तीन गोष्टी याव्यात एवढेच पाहावे.

रांगोळीत मांडलेली वंशावळ

डॉक्टर आणि जनुकीय समुपदेशक कुटुंबाचा इतिहास ठरलेल्या चिन्हांत काढतात. जनुकीय समुपदेशक म्हणजे चाचणीआधी आणि चाचणीनंतर कुटुंबाला धोका समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती. चिन्हे अगदी साधी आहेत : पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, मुलांकडे उतरणारी उभी रेघ, आजार झाला असेल तर चिन्ह भरलेले, व्यक्ती हयात नसेल तर चिन्हावर तिरपी रेघ. ज्या स्त्रीने आयुष्यभर ठिपके जोडून रांगोळी काढली आहे, तिला ही आकृती शिकवावी लागत नाही. फक्त चिन्हांचा अर्थ सांगावा लागतो.

म्हणून शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या फरशीवर एका काल्पनिक कुटुंबाची तीन पिढ्यांची रांगोळी काढावी असे मी सुचवतो. स्तनाच्या कर्करोगासाठी कुंकू, अंडाशयासाठी हळद, आतड्यासाठी निळा रंग, अशी चिन्हे भरता येतील. मृत्यूची तिरपी रेघ मंगल रांगोळीत काढायला अनेक जणी तयार होणार नाहीत, आणि त्यांचा तो संकोच मान्य करावा. त्या जागी फुलाची पाकळी ठेवली तरी आकृतीचा अर्थ कायम राहतो. रंग भरत गेले की एक गोष्ट न सांगता दिसू लागते : कुंकवाची वर्तुळे वडिलांच्या बाजूने उतरत आली आहेत, मधला चौकोन रिकामा आहे आणि त्याखालच्या तरुण मुलीच्या वर्तुळात अजून काहीच भरलेले नाही. त्या मुलीसाठी आता काय करता येईल, हा प्रश्न मग जमलेल्या बायकाच विचारतात. आकडेवारीच्या तक्त्यासमोर तो विचारला जाणे अवघड असते.

सार्वजनिक रांगोळीतले कुटुंब मात्र काल्पनिकच असावे, ही अट कधीही मोडू नये. गावात कोणाच्याही खऱ्या घराची वंशावळ चारचौघांत मांडणे हा त्या घरावर अन्याय आहे. प्रत्येकीने आपली आकृती घरी कागदावर काढावी आणि ती फक्त डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवावी.

कलेने खरोखर काही बदलते का?

ही शंका रास्त आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर मतुष्का या कलावंत स्त्रीने स्वतःचे छायाचित्र दिले, ज्यात स्तन काढल्यानंतरचा छातीवरचा व्रण उघड दिसत होता. ज्या आजाराविषयी तोवर कुजबुजत बोलले जाई, तो एका चित्राने घराघरातल्या टेबलावर आला. पुढे १४ मे २०१३ रोजी अँजेलिना जोली या अभिनेत्रीने आपल्यात बीआरसीए-१ चा बिघाड असल्याचे आणि कर्करोग होण्याआधीच स्तन काढून घेतल्याचे लेख लिहून जाहीर केले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ब्रिटनमध्ये अशा तपासणीसाठी पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे अडीच पट झाली.

पण त्याच प्रसंगाची दुसरी बाजूही नोंदवली गेली. अमेरिकेतील एका पाहणीत चारपैकी तीन जणांना जोलीची हकिगत माहीत होती, आणि तरीही तिचा धोका आणि सामान्य स्त्रीचा धोका यांतला फरक नीट सांगता येणारे लोक दहातला एकही नव्हते. गोष्ट पोहोचली, समज पोहोचली नाही. नुसते हेलावून टाकणारी कला इथवरच येते. तिच्यानंतर समजावून सांगणारा माणूस त्याच ठिकाणी हजर असावा लागतो.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असले तरी तिथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या, देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत धाराशिव जिल्ह्यातील परांडा आणि भूम हे तालुकेही आहेत. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांना एकत्र बसवत, लक्षणे समजावत आणि शंका असलेल्यांना दवाखान्यात यायला सांगत. यंत्रांनी सरसकट तपासणी न करताही, केवळ या समजावण्यामुळे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या तुलनेत लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. त्यानंतर धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ५२ ग्रामसमूहांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झाले आणि जगभरच्या धोरणांना त्याचा आधार मिळाला. हा आजार आनुवंशिक नाही. तरीही मराठवाड्यातल्या बायका नीट समजावल्यावर तपासणीला येतात, आणि त्यांच्या येण्यातून जगाला शिकायला मिळते, हे या दोन्ही कामांनी दाखवले आहे.

भीती दाखवणारे नाटक नको

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या लहान वयात काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल असे आपल्याला सांगितले गेले, असे त्यांतल्या अनेकींनी सांगितले. कर्करोगाची अर्धवट माहिती किती नुकसान करू शकते याचे याहून जवळचे उदाहरण मराठवाड्याला नको. म्हणून कर्करोगावरील कोणत्याही पथनाट्यात किंवा कलापथकात ‘नाहीतर मराल’ हा सूर असता कामा नये. आजार पूर्वजन्मीच्या पापाने, शापाने किंवा करणीने झाला असे कथानकही नको, मग शेवटी पात्राला पश्चात्ताप झाल्याचे दाखवले तरी नको. प्रेक्षकांच्या लक्षात शापच राहतो.

याचा एक वैद्यकीय परिणामही आहे. वंशावळ भरताना ‘पिशवी काढली’ एवढेच लिहून चालत नाही. का काढली, काढल्यावर तपासणीचा अहवाल आला होता का, आणि अंडाशय ठेवले की काढले, हे कळले नाही तर त्या स्त्रीच्या वर्तुळातून काहीच निष्कर्ष निघत नाही. ज्या पिढीतल्या अनेक स्त्रियांच्या पिशव्या कारणाविना काढल्या गेल्या, त्या पिढीचा आनुवंशिक इतिहास त्यामुळे कायमचा धूसर झाला आहे.

भारूड इथे फार कामाचे आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ज्या रूपाने अवघड विचार सामान्यांच्या तोंडी दिला, त्यात सोंग असते, सवाल-जवाब असतो आणि प्रेक्षकाला मध्येच बोलायची मुभा असते. समजा, सोंग घेतलेला भाट मोठ्या आवाजात कुळाची नावे वाचतो आहे, आणि प्रेक्षकांत बसलेली म्हातारी उठून विचारते, ‘माझं नाव कुठं आहे? मी याच घरची लेक.’ भाट वही चाळतो, नाव सापडत नाही. मग ती एकेक नाव सांगत जाते, कोण कशाने गेली ते सांगत जाते, आणि भाट लिहू लागतो. यात कोणालाही घाबरवलेले नाही, पण आत्या वंशावळीत आली.

‘कळून तरी काय उपयोग?’

हा आक्षेप सर्वांत अधिक ऐकू येतो, आणि तो दैवावर हवाला ठेवणाऱ्यांचाच असतो असे नाही. कर्ज काढून उपचार केलेल्या घरांचाही असतो. त्याचे उत्तर असे की, कळल्यावर करण्यासारखे बरेच आहे. बीआरसीएचा बिघाड असलेल्या स्त्रीची स्तनांची तपासणी पंचविशी-तिशीपासून दरवर्षी एमआरआय आणि पुढे मॅमोग्राफीने (स्तनांच्या एक्स-रेने) करता येते, म्हणजे गाठ हाताला लागण्याआधी सापडते. अंडाशयाच्या कर्करोगासाठी भरवशाची तपासणी अजून नाही. म्हणून मुले झाल्यानंतर, बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. लिंच सिंड्रोममध्ये ठरावीक काळाने दुर्बिणीने आतडे तपासले, तर कर्करोग होण्याआधीच्या गाठी काढून टाकता येतात. आजार झालेल्या रुग्णालाही उपयोग होतो, कारण बीआरसीएच्या बिघाडावर परिणामकारक ठरणारी काही खास औषधे आता आहेत.

अंडाशय काढण्याचा हा सल्ला आणि बीडमधल्या शस्त्रक्रिया यांत गल्लत होऊ नये. इथे निर्णय होतो तो चाचणीचा निकाल हातात आल्यावर, समुपदेशनानंतर, विचाराला पुरेसा वेळ घेऊन आणि त्या स्त्रीच्या स्वतःच्या संमतीने. चाचणीविना केवळ भीती दाखवून कोणी काही काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

‘मुलीचे लग्न जमणार नाही’

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण गावात अशा गोष्टींवरून स्थळे परत जातात. म्हणूनच चाचणीचा निकाल हा ज्याचा त्याचा खासगी विषय मानला जावा, आणि तो कोणाला सांगायचा हे त्या व्यक्तीने ठरवावे. दुसरी बाजू अशी की, घराबाहेर सांगायचे नाही म्हणून घरातही सांगितले जात नाही, आणि सख्ख्या बहिणीला आपल्या बहिणीचा निकाल माहीत नसतो. तो तिला कळायला हवा. घरात बिघाड सापडलेला असताना एखाद्या बहिणीची चाचणी केली आणि तिच्यात तो नसल्याचे दिसले, तर तिचा धोका इतर सर्वसामान्य स्त्रियांइतकाच राहतो. वर्षानुवर्षे मनावर घेतलेले ओझे अशा अहवालाने उतरते, ही बाजू भारुडात आणि ओवीत जरूर यावी.

चाचणी कोणाची, कुठे आणि कधी?

सुरुवात शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीपासून करावी. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर चाचणी होते. तिच्यात बिघाड सापडला की नातेवाइकांमध्ये फक्त तेवढाच बिघाड शोधायचा असतो, त्यामुळे त्यांची चाचणी सोपी आणि कमी खर्चाची होते. काही वेळा अहवालात असा बदल येतो ज्याचा अर्थ अजून ठरलेला नसतो. भारतीयांच्या जनुकांची माहिती जगाच्या संग्रहात आजवर कमी राहिल्याने आपल्याकडे हे अधिक घडते. १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जमवणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ही उणीव भरून निघण्यास मदत होईल. अशा संदिग्ध अहवालावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

मोबाइलवरच्या जाहिरातीतून मागवलेली चाचणी समुपदेशनाची जागा घेऊ शकत नाही. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये कर्करोगाच्या जनुकशास्त्राचे स्वतंत्र क्लिनिक आहे. तिथवर जाण्याआधी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कुटुंबांनी तीन पिढ्यांची आकृती सोबत नेऊन आपल्या डॉक्टरांशी बोलावे. नातेवाइकांचे जुने अहवाल, विशेषतः गाठीचा तुकडा तपासल्याचा कागद, मिळाला तर जपून ठेवावा.

लहान मुलांची बीआरसीएसाठी चाचणी करू नये. हा धोका मोठेपणीचा असतो, आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याने तो निर्णय स्वतः घ्यावा. बालवयातच होणारे काही आनुवंशिक कर्करोग मात्र याला अपवाद आहेत, त्यांतला एक प्रत्येक आईबापाला माहीत असावा : फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी चमकत असेल, तर ते डोळ्यातील कर्करोगाचे लक्षण असू शकते. अशा बाळाला त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि निदान झाले तर त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.